घराण्याचा माग: गावच्या दप्तरापासून तीर्थोपाध्यायांच्या वहीपर्यंत

महाराष्ट्रात आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. पेशवाई असो, निजामाचे राज्य असो की इंग्रजी अंमल असो, येथील राजवटींनी माणसाची नोंद माणसासाठी अशी क्वचितच केली. नोंद झाली ती जमिनीची, साऱ्याची, वतनाची आणि हक्काची, आणि त्या ओघात माणसांची नावे कागदावर उतरली. त्यामुळे ‘आमचे खापरपणजोबा कोण होते’ या प्रश्नापेक्षा ‘आमच्या घरची जमीन, घर किंवा वतन कोणत्या गावी आणि कोणाच्या नावे होते’ हा प्रश्न घेऊन निघालेला माणूस लवकर पुढे जातो. परदेशी पद्धतीची माहिती वाचून पुष्कळजण जनगणनेची कुटुंबवार पत्रके मागायला जातात आणि निराश होऊन परततात, कारण १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठरवली आहे. तो रस्ता येथे बंद आहे. मात्र त्याला एक अपवाद आहे व तो पुढे येईल.

दुसरी गोष्ट शिस्तीची. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एका वेळी एकच पिढी मागे जावे. अमुक माणूस तमुकाचा मुलगा होता हे सांगणारा किमान एक कागद प्रत्येक दुव्यासाठी हाती असावा, आणि तो नसेल तेथे वंशावळीत तुटक रेघ काढावी. आडनाव एखाद्या नामांकित सरदार घराण्याशी जुळते म्हणून तिकडून खाली आपल्यापर्यंत उतरत येण्याचा मोह फार मोठा असतो. तशा वंशावळी दिसायला भव्य असतात, परंतु मधल्या तीन-चार पिढ्यांना त्यांत कोणताही आधार नसतो.

घरातील कागद आणि घरातील माणसे

पहिले पाऊल घरातच टाकायचे आहे. जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फळीमागे किंवा माळ्यावरच्या पेटीत शाळा सोडल्याचे दाखले, व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेची प्रमाणपत्रे, खरेदीखते, गहाणखते, साऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, नोकरीची सेवापुस्तके, रेशनकार्डे असे काही ना काही सापडते. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. मागच्या बाजूचा शिक्का, मुद्रांक विकणाऱ्याची सही, साक्षीदारांची नावे ही पुष्कळदा पुढच्या मजकुराहून अधिक उपयोगी ठरतात, कारण साक्षीदार बहुधा भाऊबंद किंवा सोयरे असतात.

मराठी नावाची रचना या कामी मोठी सोय करून देते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असल्यामुळे एकाच नोंदीत दोन पिढ्या मिळतात. जुन्या कागदांत आडनाव नसले तरी ‘रामजी बिन कृष्णाजी’ असे असते आणि काही भागांत ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ येते. दोहोंचा अर्थ ‘चा मुलगा’ असाच. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा विदर्भाकडे ‘जौजे’ आले तर त्यानंतर येणारे नाव नवऱ्याचे असते, वडिलांचे नव्हे, हे न समजल्याने सासऱ्याच्या जागी बाप आणि बापाच्या जागी नवरा बसवलेल्या वंशावळी पाहायला मिळतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने ‘कृष्णाजी बिन रामजी’ हा एकाच घरात एक पिढी सोडून पुन्हा भेटतो. दोन कृष्णाजींना एक धरले की मधल्या दोन पिढ्या गडप होतात. म्हणून नावाबरोबर सन आणि जमिनीचा क्रमांक टिपल्याशिवाय नोंद पुरी झाली असे समजू नये.

वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘आपला इतिहास सांगा’ असे विचारले तर ऐकीव पराक्रम ऐकायला मिळतात. त्याऐवजी नेमके विचारावे: आजीचे माहेर कोणते, तिचे माहेरचे नाव काय होते, मामांची मुले कोठे आहेत, कुलदैवत कोणते, देवक कोणते, सुतक कोणकोणत्या घरांचे धरले जाते, घरातल्या कोणाला दत्तक घेतले किंवा दिले होते, सामायिक विहिरीत कोणाकोणाचा वाटा होता. सुतकाचा प्रश्न विशेष कामाचा आहे, कारण नाते कसे जोडलेले आहे हे विसरलेली घरेही एकमेकांचे सुतक पाळत राहतात. लग्नानंतर स्त्रीचे आडनावच नव्हे, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलत असे, आणि माहेरचे नाव ठाऊक असलेली शेवटची व्यक्ती गेली की ती माहिती कोणत्याही कचेरीत मिळत नाही. तेव्हा हे बोलणे आधी उरकावे. कागद थांबू शकतात.

गाव कोणत्या राज्यात होते

गावाचे नाव कळले की त्या गावाचा प्रशासकीय पूर्वेतिहास पाहावा, कारण कागद कोठे असतील हे त्यावर ठरते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. धुळे आणि जळगाव यांची जुनी नावे पश्चिम आणि पूर्व खानदेश. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. नवा जिल्हा झाला म्हणजे जुनी दप्तरे नव्या ठिकाणी गेलीच असतील असे नाही; काही गेली, काही जुन्या मुख्यालयात राहिली.

जिल्ह्यापेक्षाही मोठा फरक राजवटीचा आहे. मुंबई इलाख्यातील गाव, कोल्हापूर, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी यांसारख्या संस्थानातील गाव, हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे गाव, वऱ्हाडातील गाव आणि नागपूर-भंडाऱ्याकडील मालगुजारी (म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे असलेले) गाव या प्रत्येकाची दप्तराची पद्धत वेगळी होती. मराठवाड्यात १९४८ पूर्वीचे बरेचसे कागद उर्दूत आहेत, आणि तेथील शोधाला १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक, म्हणजे शेतवार धारकांची यादी, हा चांगला टप्पा आहे. कोकणात खोती, म्हणजे गावचा सारा खोतामार्फत भरण्याची पद्धत, असल्याने प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव खोताच्या नावामागे लपलेले असू शकते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि त्यानंतरच्या नोंदींत कुळे स्वतःच्या नावाने दिसू लागली. धरणाखाली गेलेल्या गावांबाबत, मग ते कोयनेचे असो, उजनीचे असो की जायकवाडीचे असो, गावठाण नाहीसे झाले तरी महसुली कागद आणि पुनर्वसनाच्या याद्या उरलेल्या असतात.

सातबारा आणि फेरफार

आता मुख्य काम. सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्रित उतारा. त्यात जमिनीचा धारक कोण आणि त्यात पीक काय हे असते, पण वंशशोधकाचे लक्ष असावे ते खातेदारांच्या नावांजवळच्या छोट्या आकड्यांवर. हस्तलिखित सातबाऱ्यावर हे आकडे वर्तुळात असतात. ते फेरफारांचे क्रमांक होत. जमिनीच्या हक्कात बदल झाला, मग तो मृत्यूने असो, विक्रीने असो वा वाटणीने, की त्याची नोंद गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत होते, आणि सातबाऱ्यावर त्या नोंदीचा क्रमांक येतो. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केला जातो. कंसातली नावे पाहून पुष्कळजण ती सोडून देतात, वास्तविक आपल्याला हवी असतात तीच.

काम असे करावे. चालू सातबारा घ्यावा, त्यावरील सर्व फेरफार क्रमांक टिपावेत, त्यांतील वारसाच्या फेरफारांची नक्कल मिळवावी. तो फेरफार मयताचे नाव, मृत्यूचा दिनांक आणि वारसांची यादी देतो. त्यानंतर मयताच्या नावाचा त्याआधीचा सातबारा मागवावा, त्यावरील क्रमांक टिपावेत, आणि पुन्हा तेच करावे. वारसांची नोंद स्वतंत्रपणे गाव नमुना सहा-क मध्येही असते आणि एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी गाव नमुना आठ-अ मध्ये एकत्र दिसतात. येथे एक घोटाळा टाळावा: ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरांच्या आकारणीचा उतारा असून त्याचा महसुली आठ-अ शी संबंध नाही. दोन्ही उपयोगी आहेत, पण एक मागून दुसरा मिळाला म्हणून गोंधळून जाऊ नये.

सातबाऱ्यावरील काही आद्याक्षरे वाचता आली पाहिजेत. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. असे नाव दिसले की त्यामागे भाऊ, पुतणे, कधी विधवा भावजय असे आणखी चार-सहा हक्कदार आहेत असे समजावे, आणि त्यांची नावे वाटणीच्या फेरफारात शोधावीत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात बाप लवकर गेला आणि मुले लहान असताना आई, चुलता किंवा आजोबा पालक म्हणून लागले. अशा एका ओळीतून घरातील अकाली मृत्यू आणि मुलांची साधारण वये दोन्ही हाती येतात. ‘इतर हक्क’ हा रकानाही वगळू नये, कारण जुन्या नोंदींत बहिणींची नावे पुष्कळदा मुख्य रकान्यात न लिहिता तेथे ढकललेली असतात.

स्त्रियांच्या बाजूने शोध घेणाऱ्यासाठी १९५६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली, आणि ती लागली सासरच्या नावाने, अनेकदा सासरच्या गावासकट. पुढे त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाई. ज्या दस्ताने त्या बहिणींनी आपला हिस्सा सोडला, तोच दस्त आज त्यांचा पत्ता सांगणारा एकमेव कागद असतो, ही गोष्ट कडवट असली तरी शोधकाच्या उपयोगाची आहे. हक्कसोडपत्र, खरेदीखत, बक्षीसपत्र हे नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकांकडे असतात. पक्षकारांच्या नावांवरून शोधायचे तर सूची क्रमांक एक, मिळकतीवरून शोधायचे तर सूची क्रमांक दोन.

मागे जाताना एका ठिकाणी धागा हमखास तुटतो. जमिनींचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये कायदा झाला आणि पुढील काळात गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली. तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आजच्या गट नंबराचा जुना सर्व्हे नंबर कोणता हे समजल्याशिवाय त्याआधीचा एकही कागद सापडत नाही. त्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे उतारे मागावेत, जे कचेरीच्या बोलीत ‘नऊ-तीन, नऊ-चार’ म्हणून ओळखले जातात. दुसरा वळणाचा टप्पा म्हणजे कुळकायदा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर असंख्य जमिनी मालकांकडून कुळांकडे गेल्या, त्यामुळे एखाद्या जमिनीच्या नोंदीत अचानक वेगळे आडनाव आले तर ते आपले पूर्वज नसून मूळ मालक असण्याचा संभव आधी तपासावा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यामागे जायचे तर मोजणीचे कागद येतात. आधुनिक मोजणीचा आरंभ १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाला, मग ती तालुक्यातालुक्यांत पोचली आणि सामान्यतः तीस वर्षांनी फेरमोजणी झाली. त्या वेळचे प्रतिबुक, क्लासर रजिस्टर, शेतवारपत्रक, पक्काबुक यांत त्या-त्या नंबराचा धारक लिहिलेला असतो. ही पुस्तके तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात असतात.

हे सारे मिळवायचे कसे, असा प्रश्न नवख्याला पडतो. चालू सातबारा, आठ-अ आणि अलीकडचे फेरफार महाभूमीच्या संकेतस्थळावर दिसतात, आणि काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ येथे ठेवलेले आहेत. उरलेल्यासाठी तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, आणि तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. तेथे नकलेसाठी अर्ज करताना गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे वर्षे लिहावीत. ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत’ अशा अर्जाला उत्तर मिळत नाही, मिळू शकतही नाही, कारण दप्तर गावाप्रमाणे व नमुन्याप्रमाणे बांधलेले असते, घराण्याप्रमाणे नव्हे. अर्जाची पोच घ्यावी. फार दिवस गेले तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे, पण पहिल्याच दिवशी तो अर्ज पुढे करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अभिलेखपालाच्या सद्भावनेने जे एका दुपारी सापडते ते नियमावर बोट ठेवून महिनोन्महिने सापडत नाही.

माणसांची वहीखाती

जमिनीचे कागद नाव देतात, पण जन्म आणि मृत्यू देत नाहीत किंवा मोघम देतात. त्यासाठी गाव नमुना चौदा आहे, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होईपर्यंत गावातील जन्ममृत्यूंच्या नोंदी त्यात होत. बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण त्यात असते, मुलाचे नाव मात्र बहुधा नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेले असते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची पाने उघडली तर एकाच घरची नावे ओळीने दिसतात, आणि घराण्याची एखादी शाखा अकस्मात का थांबली याचे उत्तर तेथेच मिळते. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून शासनाने हाती घेतला तेव्हा अनेक जिल्ह्यांनी कोतवाल बुके, हक्कनोंदी आणि मोडी कागद स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर ठेवले. ती मोहीम जातीच्या दाखल्यांसाठी होती, पण ज्यांना दाखल्याशी कर्तव्य नाही अशा शोधकांचेही काम तिने सोपे केले आहे.

वर उल्लेखिलेला अपवाद म्हणजे १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार केलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. त्यात घरवार माणसे लिहिलेली होती. सर्वत्र ते टिकलेले नाही, परंतु काही तहसील कचेऱ्यांत आहे, आणि असेल तर त्या वर्षीचे अख्खे एकत्र कुटुंब एका पानावर मिळते.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही, ही कायम जपायची नोंदवही असल्याने जुन्या प्राथमिक शाळांत शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरेही आढळतात. पूर्ण नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडण्याचे कारण असे तिचे रकाने असतात. जन्मस्थानाचा रकाना आजोळचे गाव देऊन जातो, कारण पहिली बाळंतपणे माहेरी होत. जन्मतारीख मात्र १ जून असेल तर ती खरी मानू नये. शाळा जूनमध्ये उघडत असे आणि गुरुजी मुलाचे वय अजमासाने धरून ती तारीख घालत. या एका तारखेने महाराष्ट्रातील किती लोक एकाच दिवशी जन्मले आहेत याची गणती करणे अवघड आहे.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे हा प्रमुख आधार असून वसई-मुंबई भागात ती विशेष समृद्ध आहेत. मुस्लिम कुटुंबांनी काझींकडील निकाहाची रजिस्टरे आणि दर्ग्या-मशिदींच्या इनामांचे कागद पाहावेत.

ज्यांच्या नावे जमीन नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण गावातील मोठा वर्ग भूमिहीनच होता. बलुतेदार आणि गावकामगार यांच्यासाठी वतनाचे कागद आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदार घराण्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या; त्यांत पाटील-कुलकर्णीच नव्हेत तर महार, रामोशी यांसारखे कनिष्ठ वतनदारही येतात, आणि वारसाच्या तंट्यात त्यांनी दिलेल्या वंशावळी प्रकरणाला जोडलेल्या असतात. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, तेव्हा रीग्रँटच्या, म्हणजे वतनाच्या जमिनी पुन्हा देण्याच्या, वेळी हक्कदारांची नव्याने यादी झाली. त्याही पलीकडे गिरणी, रेल्वे, गोदी, फौज येथील नोकरीचे कागद पाहावेत, कारण त्यांत मूळ गाव लिहिलेले असते. महायुद्धांत कामी आलेल्या शिपायांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आहेत व काही नावांपुढे बापाचे नाव आणि गावही आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धाला गावातून किती माणसे गेली हे सांगणारी संगमरवरी पाटी अनेक गावांत आजही आहे; तिच्यावर नावे नसतात, पण शोध कोठे वळवावा हे ती सांगते.

गावी गेल्यावर

गावाला जाण्यापूर्वी एक समजून असावे. जुना सातबारा विचारत परगावचा माणूस आला की तो हिस्सा मागायला आला, अशी भाऊबंदांची पहिली समजूत होते, आणि ती निराधार म्हणता येत नाही. म्हणून प्रथम गावातील एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे, हाती असलेली वंशावळ उघडपणे दाखवावी आणि आपण काय मागत नाही हे स्पष्ट सांगावे.

मग देवळाच्या पायऱ्यांवर, दीपमाळेवर, घंटेवर, विहिरीच्या काठावर कोरलेली नावे पाहावीत. वाटेवरच्या समाध्या आणि वीरगळ पाहावेत, मात्र वीरगळावर लेख क्वचितच असतो, त्यामुळे तो ‘आमच्या मूळपुरुषाचा’ असल्याची परंपरा ही परंपरा म्हणूनच लिहून ठेवावी. जत्रेतील मान कोणाचा आणि कोणत्या क्रमाने, पालखीला खांदा कोण देतो, कोणत्या शेताला कोणाचे नाव आहे, हे विचारावे. मानाचा क्रम भांडून ठरलेला असतो, आणि जेथे भांडण झाले तेथे कागद झालेला असतो.

कुलदैवतावरून मूळ स्थान ठरवताना सावध राहावे. अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता अंबेजोगाईची योगेश्वरी आहे, पण एवढ्यावरून प्रत्येक घर मराठवाड्यातून कोकणात उतरले असे सिद्ध होत नाही. आडनावाचेही तसेच. ‘कर’ लागलेले आडनाव गाव सांगते खरे, परंतु ते बहुधा सोडून आलेले गाव असते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही पदे असल्याने त्यांमागचे मूळ आडनाव वेगळे असू शकते, आणि जुन्या कागदात शोधायचे ते मूळ आडनाव.

वहीदार

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, तसेच काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्याने स्वतःच्या हाताने आपले गाव, वाडवडिलांची नावे, भाऊ, मुले लिहून सही करावी अशी रीत होती. यजमान गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे वाटलेले असल्याने आधी आपल्या गावाचे उपाध्ये कोण हे शोधावे लागते. सध्याचे नव्हे तर मूळ गाव सांगावे. या लेखाचे मोल असे की तो त्या पिढीतल्याच माणसाने लिहिलेला असतो. दोन-तीन क्षेत्रांचे लेख परस्परांशी जुळले तर तो भक्कम पुरावा समजावा. दक्षिणा द्यावी, लेखाचे छायाचित्र परवानगीने घ्यावे, आणि आपल्या पिढीचा लेख तेथे लिहून यावे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरतात. त्यांची माहिती आधाराशिवाय स्वीकारू नये आणि तपासल्याशिवाय टाकूनही देऊ नये.

मोडी, सन आणि पुराभिलेखागार

शोधात मागे जाता जाता एकोणिसाव्या शतकात शिरलो की मोडी लिपी समोर येते. तिच्यात ओळभर शिरोरेघ आधी ओढून अक्षरे जोडून लिहितात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. मुळाक्षरे थोड्या सरावाने येतात. खरी अडचण वळणांची आणि ‘मौजे’, ‘परगणे’, ‘कसबे’, ‘बिन’ अशा शब्दांच्या संक्षेपांची असते. संपूर्ण कागद वाचता येण्याची वाट न पाहता आपले गाव, आडनाव आणि चार-पाच पूर्वजांची नावे मोडीत लिहून त्यांचा आकार डोळ्यांत बसवावा, म्हणजे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) चाळताना नजर तेथे थांबते. निर्णायक कागद मात्र जाणकार वाचकाकडून लिप्यंतरित करून घ्यावा.

कालगणनेचे तीन प्रकार वारंवार येतात. इसवी सन काढण्यासाठी शकात ७८ मिळवावे, आणि तिथी जानेवारी लागल्यानंतरची असेल तर ७९. सुहूर सन अरबी अंकनामांनी लिहितात आणि तो मृगापासून सुरू होतो. त्यात ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढे ६००. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. तो शके १६८२ च्या पौषात येतो, आणि त्याचा सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हे एक उदाहरण मांडून पाहिले की दोन्ही रीती पक्क्या होतात. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे. हैदराबाद राज्याच्या कागदांत फसली सनाबरोबर आजूर, दै, बहमन असे महिने येतात व तेथील वर्ष ऑक्टोबरात सुरू होते.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे अभिलेखागार मुंबईत असून पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही अभिलेखागारे आहेत. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, ज्यात शाहू दफ्तर, घडणी, जमाव, पागा असे विभाग आहेत. कोल्हापुरात संस्थानचे कागद आहेत. इनामदार घराण्यांनी १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती (लेखी निवेदने) आवर्जून शोधाव्यात, कारण इनाम कोणाला मिळाले आणि ते त्या वेळच्या भोगवटदारापर्यंत कसे आले हे त्यांत पिढीवार सांगावे लागे. महजर (गावसभेपुढे झालेल्या निर्णयाचे कागद) आणि निवाडपत्रे सर्वांनीच पाहावीत. तंटा पाटलांचा असला तरी साक्षीला सारे गाव बसे, आणि लिहिता न येणारे बलुतेदार आपापल्या कामाच्या हत्याराची निशाणी करत, शेतकऱ्याच्या नावापुढे नांगर काढत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे १९१० मध्ये स्थापन झाले, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात खासगी घराण्यांची दप्तरेही आहेत. छापील कुलवृत्तान्त असेल तर तो अवश्य वाचावा, पण त्यातील प्रत्येक पिढीला आधार कोणता दिला आहे हे पाहावे. मूळपुरुषाकडची पाने सर्वांत आत्मविश्वासाने लिहिलेली आणि सर्वांत कमी आधाराची असतात.

टिपणे ठेवताना प्रत्येक नोंदीखाली कचेरी, नोंदवहीचे नाव, गाव, पान किंवा फेरफार क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहावी. शोधूनही काही न सापडलेल्या पुस्तकांचीही यादी ठेवावी, नाही तर दोन वर्षांनी तेच रुमाल पुन्हा सोडले जातात. दोन कागदांत विसंगती आली तर घटनेच्या जवळच्या काळात लिहिलेल्या कागदाला अधिक वजन द्यावे, पण दुसराही नोंदवावा. दत्तक असेल तेथे जन्मदाता आणि दत्तक पिता या दोन्ही रेघा काढाव्यात. हयात माणसांच्या जन्मतारखा, जमिनीचे तपशील आणि घरातील तंटे ज्या प्रतीत आहेत ती घरापुरती ठेवावी, आणि नातलगांत वाटायची प्रत वेगळी करावी.